मधली बादली

मी, खाली सही करणारी, वय ४९ वर्षे, व्यवसाय नोकरी, संशोधन संस्थेच्या प्राणीगृहात परिचर, राहणार संस्थेमागचा रस्ता, दुमजली घर, तळमजला, पोलीस ठाण्यात समक्ष विचारल्यावरून सांगते की,

वरील ठिकाणी मी नवरा व सासूबाई यांच्यासह राहते. वरच्या मजल्यावर धाकटे दीर व जाऊ राहतात. प्राणीगृहात मला एकोणीस वर्षे झाली. जाऊ गेल्या वर्षी लागली. जागा रिकामी होती. तिचे नाव मीच सुचवले.

प्राणीगृहात बारा शेळ्या आहेत. त्यांतली तांबडी सहा वर्षांची आहे. ती तीन दिवसांची असताना तिची आई मेली. तिला बाटलीने दूध मी पाजले.

प्रयोग संस्थेतल्या संशोधक मॅडमचा आहे. मला समजला तसा सांगते. आवाराच्या एका टोकाला फाटक आहे, दुसऱ्या टोकाला भिंत. भिंतीशी डावीकडे बादली ठेवली तर तिच्यात मका असतो, उजवीकडे ठेवली तर ती रिकामी असते. बादली खोल असल्याने आतले लांबून दिसत नाही. शेळी हे दोन आठवड्यांत शिकते. मग बादली मधोमध ठेवतात, फाटक उघडतात आणि शेळी किती सेकंदांत पोचते ते मोजतात. मॅडम म्हणाल्या, "मन खुशीत असलं की शेळी चांगलंच होईल असं धरून धावते. खट्टू असली की रेंगाळते. आपलंही तसंच असतं." मधल्या बादलीत कधीही काही टाकायचे नाही, असे फळ्यावर लिहिले होते.

सोमवार, बुधवार, शुक्रवार शेळ्यांचे सगळे मी करायचे व मंगळवार, गुरुवार, शनिवार जाऊने. इतर दिवशी मला सशांचे काम होते. कोणाच्या हाताखाली शेळ्यांचे मन कसे राहते, ते मॅडमना पाहायचे होते.

पहिल्या आठवड्यात तांबडी माझ्या दिवशी अकरा सेकंदांत पोचली, जाऊच्या दिवशी चार. दुसऱ्या आठवड्यात बारा आणि चार. आकडे फळ्यावर लागत. वॉचमन म्हणाला, "काय काकू, तुमच्या दिवशी भिंत मागे सरकते की काय?"

मी जाऊला विचारले, "तिला काय चारतेस?"

ती म्हणाली, "काही नाही हो ताई. नुसती बोलते तिच्याशी."

"काय बोलतेस?"

"काहीही. आज भाजी खारट झाली, असलं."

"मग मी काय सहा वर्षं मुकी होते?"

यावर ती हसली. सासूबाईही दुपारी तिच्याकडे वर जातात. गुडघे दुखत असून चौदा पायऱ्या चढतात. त्याचा या प्रकरणाशी संबंध नाही.

मॅडमनी आम्हा दोघींनाही एक चित्र दाखवले. बाईचा चेहरा होता, हसरा नाही, रडका नाही. मी म्हटले, "ही रागावली आहे." जाऊ म्हणाली, "ही कोणाची तरी वाट बघतेय." मॅडमनी दोन्ही लिहून घेतले. बरोबर कोणाचे, ते मी दोनदा विचारले. "यात बरोबर-चूक नसतं," एवढेच त्या म्हणाल्या.

चौथ्या आठवड्यात सोमवारी मी मधल्या बादलीत मूठभर मका टाकला. बुधवारी व शुक्रवारीही टाकला. त्यानंतर तांबडी माझ्याकडे पाच सेकंदांत पोचू लागली. पण मधल्या बादलीत मका असतो हे तिला एकदा कळल्यावर ती जाऊच्या दिवशीही धावू लागली, अडीच सेकंदांत. सवय मी लावली, आकडा जाऊचा सुधारला. मॅडमनी फळ्यासमोर जाऊच्या पाठीवर थाप मारली, तेव्हा मी तिथेच उभी होते.

जंताच्या औषधाचे कपाट माझ्या ताब्यात आहे. किल्ली एकच आहे. औषध कडू आहे. पुढच्या गुरुवारी सकाळी जाऊ हात धुवायला गेली असता मी मधल्या बादलीत मका टाकून त्यावर औषध ओतले. माप घेतले नाही. तांबडी तोंड घालून मागे फिरेल आणि परत जाऊकडे धावणार नाही, असे मला वाटले होते. ती मागे फिरली नाही. तिने बादली चाटून संपवली.

संध्याकाळी ती आडवी पडली. तोंडाला फेस होता. जनावरांचे डॉक्टर आले. शेळी वाचली. आज सकाळी उभी होती. फाटक उघडले तरी जागची हलली नाही.

संस्थेने विष घातल्याची तक्रार दिली. गुरुवार जाऊचा असल्याने काल तिला येथे आणले. मी तिच्यासोबत आले व बाहेर बाकावर बसले. दार उघडे होते. ती साहेबांना म्हणाली, "जंताचं औषध मीच दिलं. माप चुकलं माझं." त्या कपाटाचे दार कोणत्या बाजूला उघडते, हेही तिला माहीत नाही.

बाहेर आल्यावर ती मला म्हणाली, "ताई, झालं सगळं. चला घरी. आईंना काही सांगायचं नाही."

मी विचारले, "तू मला पाहिलंस?"

ती म्हणाली, "जाऊ द्या ना ताई."

वाटेत तिने माझी पिशवी घेतली. मी ती परत घेतली.

जाऊला वाचवण्यासाठी आलात का, असे आज साहेबांनी विचारले. त्यावरून सांगते की, नाही. तिने मला वाचवलेले मला नको आहे. नोकरी जाऊन ती वर बसली, तर सासूबाई दिवसभर तिच्याजवळ बसतील. तांबडीला मी वाढवले. औषधही मीच घातले. यातले काहीही तिच्या नावावर राहिलेले मला चालणार नाही.

वरील जबाब मला सावकाश वाचून दाखवला. मी सांगितला तसाच लिहिला आहे व तो खरा आहे. जाऊचा कालचा जबाब खोटा असल्याची नोंद मी आधी माझ्यासमोर करून घेतली. त्यानंतर मी ही सही केली.