नुसतं नेट द्या, टेलिफोन नको

मी मूळची मुरूडकडची, कोळ्याची पोर, लगीन होऊन आली ती इकडं श्रीवर्धनच्या बाजूला, खाडीच्या तोंडाशी. मागं डोंगर, पुढं दर्या, बाहेरच्या मानसाला वाटतं काय गारवा, काय झाडी, मी म्हनते ऱ्हाऊन बघा चार दिस, वारा येतो सगळीकडून पन मोबाईलची रेंज धड न्हाय येत. नाव माजं हिरा. सगळं आयुष्य मासळीच्या पाटीखाली गेलं ताई, ह्यांची होडी लागली की मासळी निवडायची, पाटी भरायची आनि टमटम धरून बोर्ली पंचतनच्या बाजाराला, बोंबील, मांदेली, कोलीम, जे मिळंल ते. थकली असं कधी म्हनाली न्हाय, थकायला सवड लागते.

पोर एकच झाली, जना. चालायला लागली, आई-बाबा बोलायला लागली, आनि एका पावसाळ्यात ताप आला तो उतरंना. ताप गेला तेवढ्यावर आमी खूष. मंग एक दिस माज्या हातातनं भरलेली कळशी मोरीत पडली, इतका आवाज झाला की शेजारीन धावत आली, आनि माजी पोर पाठमोरी बसून शिंपल्यांशी खेळत होती तशीच खेळत ऱ्हायली. मी मागनं तिला नाव घेऊन हाक मारली, पुन्हा मारली, ती वळली न्हाय. लोक मुकी म्हनायचे, मी भांडायची, मुकी न्हाय ती, हातानं बोलते, तुमाला समजत न्हाय तो तुमचा दोष. आमची आमचीच बोली झाली. पापलेट म्हंजे तळवा आडवा, बोंबील म्हंजे बोट लुळं सोडायचं, बाबा म्हंजे जाळं ओढल्यासारखं, आनि मी म्हंजे डोक्यावर पाटी धरलेला हात. शाळा लांब होती, तिथं टिकली न्हाय, रडून रडून परत यायची. म्हनून अक्षरं तिची तुटपुंजी. मोबाईलवर लिवते ते काय, बरी, जेवली, पाऊस. एवढ्यावर आईनं काय समजायचं?

लगीन झालं तळा तालुक्यातल्या मुलाशी, त्यालाही ऐकू न्हाय, पन हुशार, सुरतेला हिऱ्यांना पैलू पाडायच्या कामाला. त्याच्या बाजूचं कोनी उरलं न्हाय, दोघंच तिकडं खोलीत. मी म्हनाली जाऊ दे, दोघं एकमेकांचं समजतात तेवढं आमच्यात तरी कुठं समजतं.

पहिलं बाळंतपन माहेरी व्हायचं, तशी रीत हाय, पन जनाला सातव्यापासनं डॉक्टरनं हलू नको म्हनून सांगितलं, आनि मी निघायची तयारी केली तर हे धक्क्यावर शेवाळावरनं घसरले, खुब्याचं हाड मोडलं. खाटेवर पडलेलं मानूस, कूस बदलायची तर मी, पानी पाजायचं तर मी. त्यांना टाकून सुरतेला कशी जानार? मुलगा झाला, मला फोटोत दिसला. बारीक होता, कमी वजनाचा, म्हनून त्यालाबी गाडीत घालू नका म्हनाले. आई इकडं, लेक तिकडं. लेकीचं सगळं बाळंतपन मी मोबाईलच्या काचेवर हात फिरवून केलं.

आनि मंग ते सुरू झालं. दिवाळीला तिकडं खिडकीखाली फटाक्यांची माळ लागली आनि बाळ उठलं न्हाय, असं त्यांच्या शेजारनीनं पाहिलं आनि जनाला इशाऱ्यानं सांगितलं, तुज्यासारखाच हाय. दुसरी म्हनाली छे, उठला होता. दवाखान्यात कानाला मशीन लावून बघितलं, ते म्हनाले नीट समजलं न्हाय, पुन्हा आना, आनि येताना ऐकनारं मानूस संगती आना. आता ऐकनारं मानूस कुठनं आनायचं त्या दोघांनी? ऐकनारं मानूस त्यांचं एकच, ते मी, आनि मी इकडं खाटेला बांधलेली. जनाचं म्हननं एकच, आई तू हाक मार, तू बघ, तू सांगशील ते खरं. दुसऱ्या कुनावर तिचा भरवसाच न्हाय.

पन बघायचं कसं? घरात चित्र उघडायचं आनि अडकायचं. बोलताना हात वर गेला की वरच, पुढचं काय म्हनाली ते गेलं. ऐकनाऱ्या मानसाचं एक बरं, चित्र गेलं तरी आवाज येतो, आमचं बोलनंच चित्रात. बोर्लीला जाऊन बघितलं, तिथं चित्र यायचं, पन मला बोलायला दोन हात लागतात, मोबाईल धरायचा कुनी? कांद्याच्या गोनीला टेकवून ठेवला तर भवती मानसं जमली, जशी डोंबारनीचा खेळ बघतात तशी. रिक्षांचे भोंगे वाजतायत, बाळ तिकडं झोपलेलं, त्या कालव्यात त्यानं काय ऐकलं आनि काय न्हाय ते कसं समजनार? घरातच नेट पायजे होतं, बाळ जागं असंल तवा, शांत.

म्हनून मी तालुक्याला टेलिफोनच्या हापिसात गेली. भावजय ह्यांच्याजवळ बसवली आनि गेली. तिथले साहेब म्हनाले मिळंल की, पन टेलिफोन घ्यावा लागंल, नेट त्याच्यावरच येतं, टेलिफोनचं भाडं दर महिन्याला, वापरा न्हायतर नका वापरू. मी म्हनाली टेलिफोन नको, नुसतं नेट द्या. ते म्हनाले तसं नसतं बाई. मी म्हनाली का नसतं? ते म्हनाले नियम. मंग माजा तोल गेला. मी म्हनाली, साहेब, ज्या पोरीशी मला बोलायचं हाय तिला ऐकू येत न्हाय, जावयाला ऐकू येत न्हाय, नातवाला येतं का न्हाय त्यासाठीच जीव चाललाय माजा, मंग तुमच्या त्या टेलिफोनवर मी हाक मारू कुनाला? साहेबांनी खुर्ची पुढं केली. वाईट वाटलं असनार त्यांना, मानूस वाईट नव्हता, पन वाईट वाटून तार येत न्हाय. पुन्हा तेच म्हनाले, दोन्ही संगतीच मिळतं.

घरी आली, रडली, आनि पुन्हा गेली. म्हनाली द्या बाबा टेलिफोन, भरते भाडं, नुसता भिंतीवर टांगून ठेवते. तर आता म्हनतात तुमच्या गावाची लाईन वादळात पडली ती अजून उभी न्हाय, अर्ज ठेवून जा, लाईन आली की कळवू. म्हंजे बघा, मला नको होता तो टेलिफोन मी मागितला, तर तोबी न्हाय. त्या दिवशी एसटी स्टँडवर बसून मी हंबरडा फोडला, लाज वाटली न्हाय. जना तिकडं रोज विचारते, कधी, कधी, आनि तो एकच हात समजायचा मला त्या अडकलेल्या चित्रात, कधी.

मंग समजलं की बोर्लीच्या एका केबलवाल्यानं आमच्या किनाऱ्यावरच्या रिसॉर्टपर्यंत काचेची तार आनलीय, त्यात टेलिफोन-बिलिफोन काय न्हाय, नुसतं नेट. त्याच्याकडं गेली. तो म्हनाला मावशी, एका घरासाठी मी एवढी तार ओढत न्हाय, आनखी कोनी घ्या. मी घरोघर फिरली. अर्ध्या घरांना कुलूप, मानसं मुंबईला, उरलेले म्हनाले आमाला कशाला. शेवटी मोहल्ल्यात गेली बिल्किसभाभीकडं. तिचा मुलगा कुवेतला, सुपारीची वाडी तिची रिसॉर्ट आनि माजं घर यांच्या मधोमध. तिच्या सासूचं नि माज्या सासूचं कुंपनावरनं वाकडं होतं, त्यामुळं जानं-येनं बेताचंच. मी सगळं सांगितलं. ती ऐकत ऱ्हायली आनि म्हनाली, हिराबाय, आधी का न्हाय आलीस? मीबी घेते, तार माज्या वाडीतनं ने, पोफळीला फक्त खिळा मारू नको म्हनावं त्याला, बांध म्हनावं. अल्ला तिचं भलं करो, मी तिच्याच शब्दात म्हनते.

तार आली. पोफळीवरनं पोफळीवर, मंग माज्या पडवीत. नेटच्या डबीतला दिवा लागला आनि मी त्याला हात जोडले. जनाला लावलं, आनि काय सांगू ताई, पोरगी जशी समोर बसलेली. बोटं सुदीक दिसतात, नखं दिसतात. वाळली होती. आमी दोघी आधी रडलोच, मंग तिनं बाळाला चटईवर ठेवला आनि मला सांगितलं, मार हाक.

मी हाक मारली. बाळ वर पंख्याकडं बघत होतं, बघतच ऱ्हायलं. मी टाळ्या वाजवल्या. ताट घेतलं, पळीनं बडवलं. हे खाटेवरनं ओरडले, होडीवरनं ओरडतात तसं. बाळ न्हाय वळलं. जना बाळाकडं बघतच नव्हती, ती माज्या तोंडाकडं बघत होती, कारन तिला उत्तर तिथंच दिसनार होतं. माजं तोंड लपवायचं कुठं मी? खोटं सांगावं असं मनात आलं, पन तिनं सांगितलं होतं तू सांगशील ते खरं. मी कानाला हात लावला आनि हलवला, न्हाय. तिनं बाळाला उचललं, मोबाईल पालथा पडला, आनि मंग नुसता अंधार.

त्यानंतर ती उचलंना. रोज लावते, वाजतं, उचलत न्हाय. एवढी धावपळ करून आनलेली तार, आनि त्या तारेवरनं मी माज्या पोरीला काय पोचवलं तर हे. मला वाटायचं कळशी पडली ती अजून पडतेच हाय. पालीच्या गनपतीला नवस बोलली, जेवन जाईना. हे म्हनायचे, हिरा, दर्याकडं एकटी जाऊ नको. त्यांना भीती वाटत होती, आनि खरं सांगते, मलाबी वाटत होती.

एक दिस बिल्किसभाभी तांदळाचं गोड सांदन घेऊन आली. बसली, माजी दशा बघितली, समदं ऐकलं आनि विचारती, तिकडं त्यांच्या मोबाईलचा आवाज चालू हाय काय? मी म्हनाली म्हंजे? ती म्हनाली, परवा मी मुलाशी अर्धा घंटा ओरडते, तो आपला गप, नमाजला आवाज बंद केलेला तो चालू करायचाच ऱ्हायला होता त्याचा. आनि तुज्या पोरीच्या घरात तर दोघांनाबी ऐकू न्हाय, त्यांनी आवाज कशाला चालू ठेवला असंल?

 त्या घरात आवाज कधी लागलाच न्हाय, तो मोबाईल आनला तवापासनं मुका असनार. जनाला ठाऊक न्हाय, जावयाला ठाऊक न्हाय, आनि मी ऐकनारी बाई, मला सुचलं न्हाय. मी ताट बडवीत होती ते माज्याच घरात.

पन हे तिला सांगायचं कसं? आमच्या हातांच्या बोलीत आवाज कमी-जास्त असं कायच न्हाय, कधी लागलंच न्हाय. बिल्किसभाभीनं तिच्या मोबाईलच्या कडेचं बटन दाबून दाखवलं, मी त्यावर बोट ठेवून फोटो काढला, पडद्यावर पट्टी वर जाते तिचा काढला, आनि जावयाला धाडला. संध्याकाळी त्यानंच लावलं. बटन दाबलं, आनि मंग त्यानं काय केलं, मोबाईलच्या पाठीला तळहात लावला आनि मला म्हनाला बोल. मी बोलली. त्याला तळव्यात थरथर लागली. हसला तो. पुन्हा बोल म्हनाला, पुन्हा बोलली, त्यानं जनाचा हात ओढून तिथं लावला.

मंग मोबाईल बाळाच्या उशाशी ठेवला. ह्यावेळी मी ताट घेतलं न्हाय. नुसतं म्हनाली, बाळा, मी आजी. त्यानं मूठ चोखायची थांबवली. मी पुन्हा म्हनाली. डोळे आधी फिरले, मंग मान. आईच्या तोंडाकडं बघत होता तो, तिथनं वळून माज्याकडं आला.

जनानं ते बघितलं. ती हसली, मंग रडली, आनि मंग तिनं मला असं कायतरी विचारलं जे एवढ्या वर्षांत कधी विचारलं नव्हतं. हातानं माज्या गळ्याकडं दाखवलं आनि म्हनाली, कसा हाय? बाळ ज्याला वळलं तो तुजा आवाज, कसा हाय तो?

मला हातानं सांगता येईना. बोर्लीच्या बाजारात विचारा, हिरा ओरडली की कावळे उठतात म्हनतात. मी तिला सांगितलं, गोड हाय. खोटं बोलली, पन त्याचं पाप मला लागनार न्हाय.

डॉक्टरकडं न्यायचा हाय अजून, हे उठून बसायला लागले की मी जानार. तोपर्यंत सकाळी जना भाकऱ्या करते, मोबाईल बाळाजवळ ठेवते, आनि मी हितनं त्याच्याशी बोलते. मासळीचं बोलते, ह्यांच्या पायाचं बोलते, बिल्किसभाभी आली तर तीबी बोलते. त्याच्या घरात बोल न्हाय, तो शिकनार कुनाकडनं? वारा सुटला की पोफळी हलतात, तार हलते, माजा जीव हलतो. चालायचंच. त्या तापानंतर माज्या पोरीला मी एक हाक ऐकवू शकली न्हाय, तिच्या वाट्याचं सगळं आता त्याच्याशी बोलते, देवानं तेवढा गळा बसू देऊ नये.