पहिल्या क्रमांकाचा बिल्ला

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावर बसलेले निवड समितीचे दोन्ही सदस्य, आपल्या अग्निशमन केंद्राचे सर्व जवान, दाराशी बूट न काढता बसलेली आजची पाळी, मागच्या खुर्च्यांवर बसलेल्या माझ्या वसाहतीतल्या शेजारणी, आणि ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते तुमचे कॅप्टनसाहेब, म्हणजे आमचे हे, सर्वांना माझा नमस्कार.

मधेच भोंगा वाजला तर पाळीवाल्यांनी खुशाल उठून जावं. मला राग येणार नाही. फक्त तो जरा उशिरा वाजावा, एवढंच मी सकाळी देवाजवळ मागितलं आहे.

आज आम्हाला काय काय मिळालं ते आधी सांगते, कारण आलेल्या वस्तूची नोंद झाल्याशिवाय मला पुढचं सुचत नाही. भिंतीवरचं एक घड्याळ, साडेआठशेचं. एक आरामखुर्ची, दोन हजार शंभर. किमतीची चिठ्ठी अजून पायाला लोंबते आहे, मी कोणाला विचारलेलं नाही. फुलांचा एक गुच्छ, दीडशे. गुच्छाला दीडशे म्हणजे जरा जास्तच झाले, पण आज काही बोलत नाही. या तीन वस्तू तुम्ही दिल्यात. चौथी मी घरून आणली आहे. ती या रुमालात आहे. तिची किंमत शेवटी सांगेन.

चिटणीस भाऊजी मला म्हणाले, "वहिनी, घरातलं काहीतरी सांगा. साहेब घरी कसे असतात, लोकांना जरा हसू येईल असं." मी मॅट्रिक झालेली बाई, भाषणाची सवय नाही. पाठकोऱ्या कागदावर चारदा लिहिलं आणि तीनदा फाडलं. हसू येईल असं एक सांगते आणि मग माझ्या विषयाकडे वळते. आमचे हे घरातसुद्धा जेवायला बसण्याआधी माणसं मोजतात. आम्ही घरात दोघंच आहोत.

हसलात, बरं वाटलं. पण ती मोजण्याची सवय कुठून आली, ते पाहुण्यांना माहीत नसेल. आपल्याकडे प्रत्येक जवानाला पितळी बिल्ला असतो, त्यावर त्याचा क्रमांक. धुरात शिरण्याआधी तो बिल्ला कॅप्टनच्या हातातल्या लोखंडी कडीत अडकवायचा आणि बाहेर आल्यावर काढून घ्यायचा. कडी रिकामी झाली की सगळे बाहेर आले. कॅप्टनने स्वतः आत जायचं नसतं. जायचंच झालं, तर स्वतःचा एक नंबरचा बिल्ला कडीत घालायचा आणि कडी उपकॅप्टनच्या हातात द्यायची. एवढा साधा नियम आहे. यावर माणसांचे जीव टांगलेले असतात.

आता माझा विषय. केंद्राच्या फळ्यावर महिनाभर एक सूचना लावलेली आहे. कॅप्टनपदासाठी काय अर्हता हवी आणि त्याची कर्तव्यं कोणती, ते तिच्यात लिहिलं आहे. मी ती वहीत उतरवून घेतली. उमेदवाराची बारा वर्षं सेवा झालेली असावी. उंची अमुक, छाती फुगवून तमुक, दृष्टी निर्दोष. इथेच मला पहिली शंका आली, कारण आमच्यांना वीस वर्षं चष्मा आहे आणि मास्क चढवण्याआधी तो काढून ते बंबाच्या बॉनेटवर ठेवतात. म्हणजे कॅप्टन धुरात शिरतो तेव्हा त्याला आमच्या मांजराइतकंही दिसत नसतं. पुढे लिहिलंय, शिडी, पंप, नळी यांची माहिती असावी. इमारतींचे नकाशे वाचता यावेत. हाताखालच्या माणसांना आज्ञा देता यावी.

हे सगळं योग्यच आहे. पण अध्यक्ष महोदय, एकतीस वर्षं वसाहतीच्या खिडकीतून बंब जाताना बघणाऱ्या बाईला विचाराल, तर कॅप्टनचं खरं काम बाहेर उभं राहणं हे आहे. आतली माणसं खोकत असताना, आपले पाय आत ओढत असताना, कडी हातात धरून बाहेर उभं राहायचं आणि मोजायचं. आणि मोजलेलं खरं असेल तर ते सगळ्या जगासमोर खरंच सांगायचं, कोणी ऐकलं नाही तरी. अशी अर्हता कोणाकडे असते का? आपल्या केंद्रात एकाकडे आहे. पण सूचनेची शेवटची ओळ त्याला आडवी येते. ती ओळ अशी: "उमेदवाराच्या सेवापुस्तकात प्रतिकूल शेरा नसावा."

जरा पाणी देता का? कागद उजेडात धरते, अक्षर लागत नाही. झालं. आता लागतंय.

सात वर्षांपूर्वीची गाद्यांच्या गोदामाची आग तुम्हा सर्वांना ठाऊक आहे. आधीच्या तिन्ही वक्त्यांनी तिचं वर्णन केलं. पहारेकरी म्हणाला, आत एक हमाल झोपलाय. साहेब जिवाची पर्वा न करता आत गेले. साहेबांना पदक मिळालं. तो हमाल तेव्हा कोपऱ्यावर चहा पीत होता, हे कोणी सांगितलं नाही. असो. साहेबांनी कडी उपकॅप्टनच्या हातात दिली आणि मागच्या दाराने आत शिरले. नऊ जवान आत होते, कडीत नऊ बिल्ले होते. नऊही बाहेर आले, नऊही बिल्ले गेले, कडी रिकामी झाली. उपकॅप्टननी शिट्टी दिली आणि छपराचे पत्रे ओढून पाडायला सांगितलं. तेवढ्यात बंबाचे ड्रायव्हर ओरडले, "थांबा! साहेबांचा चष्मा इथं बॉनेटवर आहे, मग साहेब कुठायत?"

हे दारापासून दोन हातांवर सापडले, बेशुद्ध. अकरा दिवस इस्पितळात होते.

चौकशी झाली. ह्यांनी खाटेवरून जबाब दिला, "मी बिल्ला कडीत घातला आणि मग कडी दिली." मुद्दाम खोटं नाही बोलले. वीस वर्षं हाताने तेच केलं होतं, हाताला वाटलं आजही केलं. धुरातलं दुसरं काही आठवतच नव्हतं. उपकॅप्टन म्हणाले, "कडीत साहेबांचा बिल्ला नव्हता. ते मागे वळले तेव्हा मला वाटलं, इमारतीला फेरी मारायला गेले. आत जाणार असते तर बिल्ला असता." दोघांपैकी एकाचंच खरं असू शकत होतं. कॅप्टनचं खरं धरलं गेलं. उपकॅप्टनच्या सेवापुस्तकात शेरा बसला: "माणसांच्या मोजणीत निष्काळजीपणा. कडीतील बिल्ला गहाळ केला."

त्या दिवसापासून त्यांच्यामागे जे लागलं ते आजतागायत लागलेलं आहे. माझ्या मुलीच्या लग्नात ते बिचारे वाढायला उभे राहिले, तर कोणीतरी पंक्तीतून ओरडलं, "भाऊ, ताटं नीट मोजा, नाहीतर एखादं आत राहील!" सगळी पंक्ती हसली. मीही हसले. तो माझा हसलेला चेहरा अजून माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

आता रुमाल सोडते.

हा तो बिल्ला. एक नंबरचा. गहाळ झाला होता तो हाच. कडीतून पडला नव्हता, कारण तो कडीत कधी गेलाच नव्हता. तो माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीत होता.

मी कपडे भिजवण्याआधी खिसे रिकामे करते. सुटे पैसे, तिकिटं, चिठ्ठ्या, सगळं काढून ठेवते. आगीच्या आदल्या संध्याकाळी ह्यांच्या शर्टाच्या खिशात हा बिल्ला सापडला. केंद्रातल्या खुंटीला लावायचा तो चुकून घरी आला होता. काळा पडलेला दिसला. मला काळं पितळ बघवत नाही. राखेने घासला, धुतला, खिडकीत वाळत ठेवला आणि सांगायला विसरले. सकाळी भोंगा झाला, हे धावले. बंब वळणावरून गेल्यावर माझी नजर खिडकीकडे गेली. हातात घेऊन दारापर्यंत गेलेसुद्धा. मग म्हटलं, संध्याकाळी देऊ.

संध्याकाळी मी इस्पितळात होते.

तिसऱ्या दिवशी अंघोळीला घरी आले, तेव्हा हा खिडकीत तसाच चमकत होता. तोवर ह्यांचा जबाब लिहून झाला होता. बिल्ला केंद्राबाहेर नेला तर कारवाई होते, हे मला माहीत होतं. नळीने श्वास घेणाऱ्या माणसाला खोटं कसं पाडायचं? म्हटलं, आधी बरे होऊ देत. बरे झाल्यावर म्हटलं, पदक मिळतंय, ते होऊ दे. मग मुलीचं लग्न ठरलं. मग निवृत्तीवेतनाचे कागद. माझ्याकडे कारणांना कधी तोटा पडला नाही. बटणांच्या डब्यात तळाशी ठेवला आणि रोज देवाला सांगत राहिले. देवाने ऐकलंही असेल, पण देव काही निवड समितीवर नाही.

उपकॅप्टन त्या अकरा दिवसांत रोज इस्पितळात येत होते. एके दिवशी जिन्यात मला म्हणाले, "वहिनी, मी नीट पाहिलं होतं हो. नव्हता कडीत. तुमचा तरी विश्वास बसतो का?"

तेव्हा बिल्ला माझ्या पिशवीत होता. त्यांना द्यायला म्हणूनच घेतला होता. आणि मी काय म्हणाले? मी म्हणाले, "जाऊ द्या भाऊजी, झालं गेलं."

ते "बरं" म्हणाले आणि ह्यांच्यासाठी आणलेली फळं माझ्या हातात देऊन गेले.

अध्यक्ष महोदय, मी घरचा हिशोब ठेवते. एखादी रक्कम वहीत चढलीच नाही, तरी खालची बेरीज बरोबरच येते. वही बघणाऱ्याला चूक सापडत नाही. नऊ बिल्ले, नऊ माणसं, उपकॅप्टन भाऊजींची बेरीज चोख होती. न चढलेली रक्कम माझ्याकडे होती.

काय म्हणालात? मोठ्याने बोला, माईकवर ऐकू येत नाही. हे म्हणतायत, "खिसा माझा होता, चूक माझी." बसा तुम्ही. खिसा तुमचा, पण खिडकी माझी. यांना हे आत्ताच कळतंय, आजवर मी यांनाही सांगितलं नव्हतं, याची समितीने नोंद घ्यावी. सांगितलं असतं तर ते त्याच पावली केंद्रात गेले असते, म्हणूनच सांगितलं नाही. निवृत्तीवेतनावर काय परिणाम होईल, मला माहीत नाही. भीती वाटते, खोटं कशाला बोलू? रात्रभर डोळ्याला डोळा नाही. पण समितीची बैठक गुरुवारी आहे, आणि मी तोंड उघडलं नाही तर त्या एका ओळीवर उपकॅप्टन भाऊजींचा कॅप्टनपदाचा अर्ज परत येईल. पुढच्या वर्षी ते वयाची मर्यादा ओलांडतात. त्यांना दुसरी संधी नाही.

भाऊजी, तुम्ही खाली बघू नका. खाली बघायचं काम आता माझ्याकडे आलंय. तुमच्या आई पहिल्या रांगेत बसल्या आहेत. आई, तुमचा मुलगा खरं बोलत होता. हे मी तुम्हाला जिन्यातच सांगायला हवं होतं, तुम्हीही त्या दिवशी मागून चढत होतात.

आणि ह्यांनी चष्मा काढून मांडीवर ठेवलाय. इथल्या जवानांना त्याचा अर्थ कळतो. ह्यांना एवढंच सांगते, यावेळी बिल्ला कडीत घालूनच काय ते करा.

घ्या अध्यक्ष महोदय, हा तुमच्या टेबलावर ठेवते. किंमत शेवटी सांगेन म्हटलं होतं. पितळाची काय असायची ती असो. भाऊजींची सात वर्षं, एवढी ती झाली, आणि भरली ती त्यांनी एकट्यांनी.

मला बोलायला उभं केलंत, चिटणीस भाऊजींनी हसवायला सांगितलं असताना भलतंच ऐकून घेतलंत, याबद्दल सर्वांचे मनापासून आभार. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर अडाणी समजून पोटात घाला. सात वर्षं बोलले नाही ते मात्र पोटात घालू नका, त्याचं काय करायचं ते नियमाप्रमाणे करा.

शेवटची एक विनंती. हे मी जे बोलले ते सगळं सही करून या पाकिटात ठेवलं आहे. सोबत दुसरं एक पाकीट आहे, त्यावर तिकीट लावून पत्ताही लिहून ठेवलाय, म्हणजे कार्यालयाला तेवढीही तोशीस नको. पत्ता आमच्या घरचा नाही, भाऊजींच्या आईंचा आहे. गुरुवारच्या बैठकीत तो शेरा काढला की नाही, ते कृपया त्यांना उलट टपाली कळवावं.