दोन दांड्या आणि एक शून्य

अहो, पण मी काय म्हणतो, दहा ओळी लिहिल्या तर बिघडलं कुठे? 'जर तापमान शून्य किंवा त्याहून कमी, तर भोंगा वाजव, नाहीतर गप्प बस', सगळं कसं ऐसपैस, मांडी घालून बसलेलं! पण आमच्या एटेल्काकाकू... तुम्हाला सांगतो, साठी उलटलेली बाई, आमच्या केचकेमेत गावातल्या जर्दाळूच्या बागांना दव गोठण्याचा इशारा देणारा प्रोग्राम त्यांच्याच हातचा. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, माझं सगळं पुसलं आणि लिहिलं काय? अट, पुढे प्रश्नचिन्ह, खरी असेल तर 'वाजव', मग दोन टिंबं, नसेल तर 'गप्प'. संपलं. एका ओळीत! आणि वाचायला इतकी सोपी, की मी नुसता बघतच राहिलो.

मग काय, मला चढलंच ना ते! दिसेल तो 'जर' कापत सुटलो. थर्मामीटरकडून आकडाच आला नाही, तर उगाच भोंगा नको म्हणून दहा अंश धरायचे, यासाठी काकूंच्या चार ओळी होत्या. मी लिहिलं, 'तापमान किंवा दहा', आणि त्या 'किंवा'साठी नुसत्या दोन उभ्या दांड्या. एका ओळीत!

आणि एप्रिलात, झाडं ऐन फुलात असताना, लोरिंत्सकाकांच्या बागेत पहाटे पारा बरोब्बर शून्यावर आला. आता त्या दांड्यांना शून्य आलं काय नि काहीच न आलं काय, दोन्ही सारखंच! त्यांनी बिनदिक्कत दहा धरले. भोंगा गप्प. उणे एकला वाजला, पण काका धावत जाऊन झाडांना ऊब देणारे मेणाचे डबे पेटवेपर्यंत दोन रांगांची फुलं काळी पडली होती.

सकाळी काका ऑफिसात हजर. ओरडले असते तर बरं वाटलं असतं हो... टोपी हातात धरून म्हणाले, "सिलार्द, अरे पोरा, शून्य म्हणजे काहीच नाही? आमचं तर शून्यालाच सगळं जातं." मी मनात म्हटलं, गेली नोकरी.

काकूंनी माझी ओळ उघडली. दोन दांड्या खोडल्या, जागी दोन प्रश्नचिन्हं घातली. म्हणजे काहीच आलं नसेल तरच दहा, शून्य आलं तर शून्यच. एका ओळीत! स्वतःची फजिती विसरून टाळी वाजवावीशी वाटली, खरंच सांगतो, काय हात आहे बाईचा...

मग माझ्या हातात काड्यापेटी ठेवून म्हणाल्या, "थांब, अजून एक लिहिते." आणि लिहिलं: तापमान दोनच्या खाली? सिलार्दला उठवून बागेत पाठव : झोपू दे.

अर्धा एप्रिल बाकी आहे अजून... आणि त्या ओळीत चूक शोधून दमलो हो, सापडत नाही.