हातात न आलेल्या पैशांची वसुली

आदरणीय अध्यक्षमहाराज, व्यासपीठावरील पाहुणे, सत्कारमूर्ती शेषरावजी, आणि निजामाच्या राज्यात नोकरीला लागून महाराष्ट्राच्या पेन्शनवर म्हातारे झालेल्या माझ्या बंधुभगिनींनो! आपलं सगळ्यांचं एकच दुखणं आहे. आपला हिशेब दुसरेच करतात, आणि तो चुकला की भरायचं आपण.

शेषरावजी आज कोषागारातून निवृत्त होत आहेत. माणूस सज्जन. कुणाचा चहासुद्धा त्यांनी फुकट घेतला नाही, हे त्यांच्या तोंडावर सांगतो. पण हार घालण्याआधी थोडं ऐका.

पुसेगावचे पुंजाजी आठवतात? ढोरांचे डॉक्टर. त्यांचा जुना पगार निजामाच्या हाली रुपयांत. कार्यालयात कुणीतरी तो इंग्रजांच्या कलदार रुपयांत धरला आणि पेन्शन जास्त बसली. हाली हलका, कलदार भारी, हे तेव्हा बाजारातलं लेकरूही सांगत होतं! त्या वाढीव पेन्शनची कैक वर्षांची थकबाकी एकदम निघाली, म्हणून तिच्यावर इन्कमटॅक्स बसला. तो कोषागारानं आधीच कापला. उरलेलं पुंजाजींना दिलं. आता चूक सापडली, पण पुंजाजी राहिले नाहीत. तहसीलची नोटीस चिकटली त्यांच्या पत्नीच्या, अनुसयाबाईंच्या दाराला. जास्तीची सगळी रक्कम भरा, कापलेल्या करासकट. नाहीतर सोमवारी घराचा लिलाव.

बाई मला म्हणाल्या, "भाऊ, जो पैसा घरात आलाच न्हाई, तो वापस काहून मागून राहिले? आमचे डॉक्टर तरी म्हशीलाच सुई टोचत व्हते, तिच्या मालकाला न्हाई!"

हसलात? हसा. हातात आलेलं तेवढं शेळ्या विकून भरायला बाई तयार आहेत. तहसील म्हणतं, कर कापल्याचा दाखला आणा, तेवढं वजा करतो. कोषागार म्हणतं, आधी भरा, दाखल्याचं मग बघू. मग म्हणजे कधी? लिलावानंतर?

ज्यांची नोकरी हालीत सुरू झाली, त्यांनी हात वर करा. शेषरावजी, तुम्हीही करा. आता जरा मागं वळून बघा. उद्यापासून तुमची फाइलही त्याच कपाटात, आणि हाली म्हणजे काय, हे नव्या साहेबाला ठाऊकसुद्धा नाही.

तुम्ही शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. मंगल प्रसंगी कडू बोललो. ते पोटात घाला.

अनुसयाबाई मागच्या रांगेत बसल्या आहेत. शेषरावजी, शिक्का पाच वाजेपर्यंत तुमच्या हातात आहे. हार थांबेल. उठा, कार्यालयात चला, आणि त्या दाखल्यावर सही करा!