गुलाश आणि चौथा अंक

माझ्या आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष, नगराध्यक्ष श्रीयुत ओताकार झेलेंका. व्यासपीठावरच्या आमच्या प्रॉम्प्टर बोझेनाबाई. मागच्या बाजूला गुलाशाचा रस्सा शिजवणारे अग्निशमन दलाचे बंधू. आणि माझ्या गावकऱ्यांनो,

अध्यक्षमहाराजांनी मघाशी मला ‘मोरावियातला सर्वांत अनुभवी वकील’ म्हटलं. मी पोटापाण्यासाठी गुरांचा डॉक्टर. वकिली फक्त या रंगमंचावरच्या नाटकात, वर्षातून एकदा. आणि अहो, दर वर्षी तोच खटला हरणाऱ्याला अनुभवी म्हणायचं की करंटा?

तिसऱ्या रांगेत एक पाहुण्या आहेत, म्हणून थोडं मागचं सांगतो. बाकीच्यांनी जांभया आवराव्यात. पणजोबांच्या वेळी, सम्राटाचं राज्य असताना, इथल्या रानात बार्बोरा नावाची शिवणकाम करणारी पोर मारलेली सापडली. ईस्टर जवळ आला होता. लगेच कुजबुज सुरू झाली, ज्यूंना याच सुमाराच्या त्यांच्या सणाच्या भाकरीत ख्रिस्ती माणसाचं रक्त लागतं. अशी भाकरी कुणी पाहिली होती? कुणीच नाही. पण ज्यू फेरीवाला शिमोन लेडरर धरला गेला. पुरावा काय, तर धुक्यात दुरून दिसलेला करडा कोट. अर्ध्या गावाचे कोट करडे होते! खुनाच्या रात्री तो शेजारगावी मुक्कामाला होता, असं तिथला खानावळवाला शपथेवर सांगत होता. त्याचं ऐकतो कोण? न्यायालयानं दोषी ठरवलं आणि शिमोन तुरुंगातच मेला.

आपल्या जुन्या हेडमास्तरांनी यावर नाटक लिहिलं. भाबडा माणूस! तिसऱ्या अंकानंतर निकाल प्रेक्षकांनी द्यायचा, असं त्यांनी ठरवलं. बिअरच्या ग्लासाखालचा पुठ्ठा छापील बाजूनं धरला तर निर्दोष, कोऱ्या बाजूनं धरला तर दोषी. दोषी ठरवलं की पडदा पडतो आणि गुलाश वाढतात. निर्दोष ठरवलं तर चौथा अंक. मास्तरांना वाटलं, आता शहाणी झालेली माणसं त्याला सोडतील.

सोडलंत कधी? एकदा तरी?

बोझेनाबाईंना विचारलं, तर म्हणाल्या, “डॉक्टर, आग असल्याशिवाय धूर निघतो का? काहीतरी केलंच असेल त्यानं.”

“बाई, आग आपल्याच पणजोबांनी लावली,” मी म्हटलं. “निकालाच्या दिवशी, ज्यूंच्या दुकानांना.”

“तुम्ही ना, फारच मनाला लावून घेता,” असं म्हणून त्यांनी मला आणखी एक डंपलिंग वाढलं.

अध्यक्षमहाराजांची तर आणखी तऱ्हा. “आमच्या मनात ज्यूंबद्दल काही नाही हो डॉक्टर. गावात आहेत कुठे ते?”

अहो, तेच तर मी विचारतोय! कुठे आहेत? हे सभागृह, म्हणजे त्यांचं जुनं प्रार्थनाघर, बांधलं कुणी? आपण पडदा टांगलाय तिथे प्रार्थनेचे ग्रंथ असत. ती सगळी माणसं युद्धात आगगाडीनं नेली, परत एकही आलं नाही. आणि त्यांच्याच छपराखाली आपण दर वर्षी त्यांच्यातल्या एकाला पुन्हा दोषी ठरवतो, कारण काय, तर गुलाश गार होतो! द्वेष असता तर मी भांडलो असतो हो. भुकेशी काय भांडू?

गेल्या शनिवारी प्रयोगाला या पाहुण्या आल्या होत्या. त्यांनी पुठ्ठा छापील बाजूनं धरला, तेव्हा शेजारून सल्ला आला, “उलटा धरा बाई, नाहीतर जेवायला उशीर होईल.” प्रयोग संपल्यावर त्या आत आल्या. आजीकडून शिकलेल्या मोडक्यातोडक्या चेक भाषेत त्यांनी विचारलं, “वकीलसाहेब, चौथ्या अंकात काय आहे?”

मी सांगितलं, “शिमोन घरी जातो. बहीण दार उघडते. बस्स, एवढंच.”

“ती बहीण माझी पणजी,” त्या म्हणाल्या. “मग तो अंक बघायला मी आठवडाभर थांबते.”

मंडळी, तुम्ही मघाशी भेट दिलेलं हे काचेचं भांडं सुंदर आहे, पण ते परत घ्या. मला निरोपाची भेट म्हणून चौथा अंक हवा आहे. आत्ता. शिमोनची भूमिका करणारे तयार बसलेत. दार उघडायला या पाहुण्या येतील. अग्निशमन दलाच्या बंधूंनो, गुलाशावर झाकण ठेवा. आणि बाकीच्यांनी पुठ्ठे हातात घ्यावेत.

इतकी वर्षं मला सहन केलंत, आभारी आहे. बोलण्यात माझं काही चुकलं असेल तर पदरात घ्या. तुमचं जे चुकलं, ते माफ करणं माझ्या हातात नाही. त्या बाई तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत, आणि तुमच्या पुठ्ठ्यांकडे बघताहेत.