काच नको

फ्रेमवाल्याच्या दुकानात माझ्यापुढे एक आजी आणि त्यांची लेक उभ्या होत्या. आजींनी पूर्वी रंगवलेलं चित्र त्याने नुकतंच लाकडी चौकटीवर ताणून बसवलं होतं.

“वर काच घाला. आईला आता दिसत नाही, सारखी हात फिरवत बसते.”

“काच नको गं. हे बघ, इथे रंग जाड लागतो, हे तळं. ही काठाकाठाची पायवाट. आणि हे तुझे बाबा बसलेत.”

“आजी, हात लावून लावून रंग झिजेल हो. मी काच बसवून देतो.”

“झिजू दे. माझ्यामागे घाला काच. तोवर मला रोज यांच्यापर्यंत चालत जाता येतंय.”

“आई, अगं...”

“ताई, मी काच बसवत नाही. आजी, मी डोळे मिटतो. माझं बोट धरा आणि तळ्यापासून न्या.”