डाव्या बैठकीचे चार टाके

दिनांक : २५ एप्रिल २०१९

मी, दामोदर त्र्यंबक सावे, वय ७४ वर्षे, व्यवसाय : सेवानिवृत्त (तंत्रशाळेत यंत्ररेखनाचा शिक्षक), राहणार रेल्वे फाटकाजवळ, घोलवड, तालुका डहाणू, जिल्हा पालघर, पोलीस ठाण्यात स्वतः हजर राहून, विचारल्यावरून जबाब देतो की,

मी वरील पत्त्यावर एकटा राहतो. पत्नी वासंती यांचे डिसेंबर २०१३ मध्ये निधन झाले. मुलगा देवेश नोकरीनिमित्त बंगळुरूस असतो. घरामागे चिकूची लहान वाडी असून तिच्या कडेला पत्र्याची शेड आहे. शेडच्या कुलपाला दोन चाव्या आहेत. एक माझ्याकडे असते. दुसरी काशीनाथ धाकल्या उंबरसाडा, वय ४१ वर्षे, व्यवसाय फॅब्रिकेशन, राहणार वेवजी, तालुका तलासरी, यांच्याकडे असते. ती मीच त्यांना दिलेली आहे.

आज दुपारी मी दूरध्वनीवरून या ठाण्यास खबर दिली की, माझी मोटारगाडी चोरीस गेली. ती खबर खरी नव्हती. गाडी चोरीस गेलेली नाही. त्या खबरीवरून काशीनाथ यांना महामार्गावर अडवून येथे आणले आहे व ते या क्षणी व्हरांड्यातील बाकावर बसलेले आहेत. त्यांच्याविरुद्ध माझी कोणतीही तक्रार नाही, पूर्वीही नव्हती. खोटी खबर का दिली, याचा खुलासा पुढीलप्रमाणे.

सदर गाडी इंग्लंडमध्ये बनलेली, १९६२ सालची, दोन आसनांची, उघड्या टपाची स्पोर्ट्स कार आहे. ती घोलवडमधील एका बागाईतदारांच्या कोठारात बरीच वर्षे पडून होती. त्यांच्या कुटुंबाने मुंबईस जाताना २०१४ मध्ये ती मला दिली व कागदपत्रे परिवहन कार्यालयात रीतसर माझ्या नावे झाली. पत्नीचे निधन व गाडी घेणे यांचा काही संबंध आहे काय, असे विचारले असता, तो या जबाबाचा विषय नाही, असे मी सांगितले.

गाडीचे अंग ॲल्युमिनियमचे असल्याने शाबूत होते. मात्र ज्या सांगाड्यावर सगळी गाडी उभी असते, ती चासी खाऱ्या हवेने पार कुजली होती. हाताने दाबल्यास तिचे पापुद्रे निघत. नवी चासी विकत मिळत नाही. म्हणून जुनीची मापे घेऊन मी कागदावर पूर्ण आकाराचा आराखडा काढला व त्यावरून चौकोनी पाइपची नवी चासी करण्याचे ठरवले. इंजिनाची फिरकी मागच्या दोन चाकांना वाटून देणारा डिफरन्शियलही गेला होता. त्या जागी दुसऱ्या जातीच्या गाडीचा बसवायचा असल्याने, तो ज्या जाड लोखंडी कानांना बोल्टने टांगला जातो ते कान, म्हणजे बैठका, नव्याने घडवाव्या लागल्या. जुन्या चासीचा क्रमांक असलेला तुकडा मी कापून जपून ठेवला आहे. तो परिवहन अधिकाऱ्यांसमोर हजर करीन. गाडीचे पासिंग अद्याप व्हायचे आहे.

माझे हात थरथरतात. जोड पक्का करण्यापूर्वी दोन तुकडे जागेवर धरून ठेवण्यासाठी वेल्डिंगचे जे ठिपके देतात, त्यांना टाके म्हणतात. टाके मी मारू शकतो. सलग वेल्डिंग मला होत नाही. ते काम काशीनाथ करीत. ते तंत्रशाळेत माझे विद्यार्थी होते. एरवी ते लोखंडी गेट, जाळ्या व ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या करतात. २०१५ पासून ते दर रविवारी मोटरसायकलवर वेल्डिंगचे सामान बांधून वेवजीहून घोलवडला येत. दुपारचे जेवण आम्ही शेडमध्येच करीत असू. डबा त्यांच्या घरचा असे. त्यांच्या मातोश्री नवशीबाई त्यात माझी भाकरी वेगळ्या फडक्यात बांधून देत. इतर दिवशी माझ्याकडे कोणी येत नाही. हे मला विचारण्यात आले नव्हते, परंतु टंकलिखित झाले आहे तर राहू द्यावे.

काम इतकी वर्षे का चालले, असे विचारले असता सांगतो की, मी मापाच्या बाबतीत काटेकोर आहे. जोड मापात नसल्यास मी तो ग्राइंडरने उघडवून पुन्हा करवून घेत असे. काशीनाथ यांचे त्यावरील बोलणे जसेच्या तसे नोंदवावे : "सर, मुलगी बघायला आलेल्या मावशीसारखी खोट काढता तुम्ही. पसंत आहे का नाय ते एकदा सांगून टाका." एकदा दीड मिलिमीटरच्या फरकावरून ते म्हणाले, "दीड एमएम! सर, माझ्या अख्ख्या गेटाचं दार याच्यापेक्षा जास्त लोंबतं, आणि सरपंच त्याच्याखाली उभा राहून फोटो काढतो." त्यांच्या पत्नी रूपी यांच्याबद्दल ते म्हणत, "रूपी विचारते, दर रविवारी घोलवडला जातोस, बाई ठेवली का? मी सांगितलं, हो, बासष्ट सालची आहे." हे विनोद होते. काम मात्र त्यांनी प्रत्येक वेळी पुन्हा केले.

गाडी पूर्ण झाली की ती प्रथम विवळवेढ्याच्या महालक्ष्मीला नारळ फोडण्यास न्यायची, असे काशीनाथ यांनी सुरुवातीपासून ठरवले होते. बाजूच्या आसनावर त्यांची आई बसेल, हेही ठरले होते. आमच्या भागात नवी गाडी देवीला दाखवल्याखेरीज कोणी कामास लावत नाही. मी त्यास कधी नकार दिला नाही. "पूर्ण झाल्यावर," एवढेच म्हणत असे.

गेल्या रविवारी, दिनांक २१ रोजी, डिफरन्शियलची डावी बैठक ही शेवटची बाकी होती. काशीनाथ यांनी तिचे सलग वेल्डिंग पूर्ण केले व चष्मा डोक्यावर सरकवून म्हणाले, "झालं, सर. लग्न लागलं." मी मोजून पाहतो असे म्हणालो. ते म्हणाले, "मोजा निवांत. मला वापीला शेड उभारायचं काम मिळालंय. पुढच्या महिन्यापासून तिकडेच राहायचं. रविवारपण तिथंच जाणार. त्याच्या आधी आईला देवीला फिरवून आणू, जत्रा चालूच आहे." मी त्यांचे अभिनंदन केले. त्यांनी सामान मोटरसायकलला बांधले. हातमोजे व चष्मा ते एरवी पुढच्या रविवारसाठी शेडमध्ये ठेवत असत, तेही त्यांनी या वेळी बरोबर घेतले.

मंगळवारी, दिनांक २३ रोजी, मी बैठक मोजली. मापात दीड मिलिमीटरचा फरक आढळला. मी ग्राइंडरने जोड पूर्ण उघडला, बैठक सरळ केली, ती माझ्याकडील लहान वेल्डिंग यंत्राने मारलेल्या चार टाक्यांवर धरून ठेवली व त्यावर रेड ऑक्साइड हा गंजरोधक रंग फासला. समुद्रकाठच्या हवेत उघडे लोखंड एका रात्रीत गंजते. म्हणून काम अर्धे असो वा पुरे, आमच्याकडे उघड्या जोडावर लगेच रेड ऑक्साइडचा हात मारतात. त्यामुळे वरून पाहणाऱ्यास टाके व पक्के वेल्डिंग यांतील फरक कळत नाही. सलग वेल्डिंग रविवारी काशीनाथ यांच्याकडून करून घ्यायचे, असा माझा विचार होता. जोड उघडल्याचे मी त्यांना कळवले नाही.

दीड मिलिमीटरचा फरक चालला असता काय, असे विचारले असता सांगतो की, चालला असता.

आज सकाळी मी औषधे आणण्यासाठी डहाणूस गेलो होतो. दुपारी बाराच्या सुमारास परतलो तेव्हा शेडचे दार उघडे होते, कुलूप कडीला नीट अडकवलेले होते व गाडी जागेवर नव्हती. जमिनीवर झेंडूच्या पाकळ्या व हळदकुंकू पडलेले होते. शेजारच्या वाडीत चिकू पेट्यांत भरण्याचे काम करणाऱ्या सुषमा यांनी मला सांगितले, "काका, काशीनाथभाऊ घेऊन गेला. नवरीसारखी सजवली होती. तुम्हाला सांगू नको म्हणाला, संध्याकाळी प्रसाद घेऊनच येतो. आईला घ्यायला वेवजीला गेला आधी."

वेवजीहून विवळवेढ्यास जाण्यासाठी तलासरीजवळ महामार्गावर यावे लागते. त्या मार्गावर अवजड ट्रक सतत वेगाने जात असतात. बैठक तुटल्यास डिफरन्शियल खाली पडून मागील चाके जागीच अडकतील व गाडी आडवी होईल, हे मला ठाऊक होते. गाडीला टप नाही. मी काशीनाथ यांना पुनःपुन्हा दूरध्वनी केला. उघड्या गाडीत इंजिनाच्या आवाजामुळे तो त्यांना ऐकू आला नसावा.

त्यानंतर मी या ठाण्यास दूरध्वनी केला. झालेला संवाद असा. मी म्हणालो, "एक लाल गाडी विवळवेढ्याकडे चालली आहे. तिच्या डिफरन्शियलची डावी बैठक केवळ टाक्यांवर आहे. ती ताबडतोब थांबवावी." अंमलदारांनी विचारले, "आजोबा, गाडी कुणाची?" "माझी." "चालवतोय कोण?" "काशीनाथ उंबरसाडा." "ओळखीचा आहे?" "आहे." "मग त्यालाच फोन करा ना. अपघात झालाय का?" "अद्याप नाही." "मग नेमकं काय झालंय? चोरी झालीये का?"

मी "हो" म्हणालो.

अंमलदारांनी कर्तव्यात कसूर केली, असे माझे म्हणणे नाही. निवडणुकीच्या नाकाबंदीची पथके महामार्गावर होतीच. तो शब्द उच्चारल्यानंतर काही मिनिटांतच गाडी थांबवली गेली, हे मला मान्य आहे. इतर कोणत्याही शब्दाने ती थांबली असती किंवा नाही, हे मी सांगू शकत नाही.

गाडी विवळवेढ्याच्या थोडी अलीकडे अडवण्यात आली. पुढील मजकूर मला पथकातील हवालदारांनी सांगितला व तो मी नाकारत नाही. रस्त्यावर जत्रेस जाणारे लोक थांबून पाहत होते. काशीनाथ यांना उतरण्यास सांगितले असता ते प्रथम हसले व म्हणाले, "चोरी? कुणाची, माझीच? अहो, सरांना फोन लावा. ते सांगतील." हवालदार म्हणाले, "त्यांनीच सांगितलंय." काशीनाथ यांनी आईला हात देऊन उतरवले. नवशीबाईंच्या ओटीत नारळ होता.

मी रिक्षाने ठाण्यात पोहोचलो तेव्हा गाडी क्रेनने आणलेली होती व दोघेही बाकावर बसलेले होते. नवशीबाई मला म्हणाल्या, "मास्तर, तू जेवला का नाय?" काशीनाथ उभे राहिले व म्हणाले, "साहेब, गाडी बाहेर लावलीय. सगळं सामान जागेवर आहे का, बघून घ्या." ते मला साहेब म्हणत नाहीत. ते चौदा वर्षांचे असल्यापासून मला सर म्हणतात.

ठाण्याच्या आवारात मेकॅनिकला गाडीखाली घालून पाहणी करण्यात आली. मी स्वतःही जमिनीवर झोपून पाहिले. चार टाक्यांपैकी एक पूर्ण तुटलेला व दुसऱ्याला तडा गेलेला आढळला. काशीनाथ यांना पाहणीस बोलावले होते. ते बाकावरून उठले नाहीत. त्यामुळे ही गोष्ट त्यांना अद्याप माहीत नाही.

जबाबाच्या पहिल्या मसुद्यात "सदर इसम हा गाडी घेऊन गेला" असे टंकलिखित झाले होते. ते माझ्या सांगण्यावरून "काशीनाथ हे गाडी घेऊन गेले" असे दुरुस्त करण्यात आले. त्यांनी स्वतःच्या चावीने, स्वतःच्या हाताने घडवलेली गाडी, ठरलेल्या देवीला, ठरल्याप्रमाणे नेली. यात गुन्हा नाही. खोटी खबर दिल्याबद्दल कायद्याने जी कारवाई होईल ती माझ्यावर व्हावी. गाडी काशीनाथ यांच्या हातून डाव्या बैठकीचे पक्के वेल्डिंग होईपर्यंत रस्त्यावर आणणार नाही. दुसऱ्या कोणाकडून ते करून घेणार नाही.

जबाब मला खोलीत हलक्या आवाजात न वाचता, व्हरांड्याकडील दार उघडे ठेवून, बाकावर ऐकू जाईल अशा आवाजात वाचावा, अशी मी विनंती केली व ती मान्य झाली. त्याप्रमाणे तो वाचण्यात आला. मी सांगितले तेच त्यात आहे, कमी नाही व अधिक नाही.

(सही) दा. त्र्यं. सावे

वाचनानंतर जोडलेला मजकूर : वाचन मंगळवारच्या परिच्छेदाशी आले असता बाकावरून काशीनाथ यांनी विचारले, "टाके किती?" मी "चार" असे सांगितले. "आणि आई बाजूला," ते म्हणाले. दरम्यान त्यांना व नवशीबाईंना घरी जाण्याची मुभा देण्यात आली. वाचन संपले तेव्हा बाक रिकामा होता. बाकावर नारळ नव्हता. शेडची चावी होती. ती हवालदारांनी, "घ्या, तुमची वस्तू," असे म्हणून माझ्यापुढे ठेवली. ती माझी नाही. माझी चावी माझ्या खिशात असून ती मी काढून दाखवली. बाकावरील चावी काशीनाथ धाकल्या उंबरसाडा यांची आहे. ती मुद्देमाल म्हणून जमा करू नये व मलाही देऊ नये. ती त्यांना वेवजीस पोहोचती करावी. कुलूप मी बदलणार नाही.

(सही) दा. त्र्यं. सावे